मलूबाचा पेशा

गिरणीचा पट्टा फटफट फिरत होता, ज्वारीच्या कोमट पिठाचा वास नाकात बसला होता, आणि सुकन्या बाकड्यावर बसून समोरच्या भिंतीकडे नुसतीच बघत होती, तेव्हा तिला ते अक्षर लागलं. खरं तर तिने त्याचा नाद सोडून दिला होता. मोबाइलवरचा जुन्या मोडी कागदाचा तो फोटो मोठा करून, लहान करून, डोळे मिटून पुन्हा उघडून तिने कितीदा तरी पाहिला होता, आणि शेवटी चाचणीच्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे त्याला मनातून ढकलून दिलं होतं. आता गिरणीवाल्याने कोळशाने भिंतीवर खरडलेल्या गिऱ्हाइकांच्या नावांत कुणा दयाबाईचा 'य' ओल येऊन फुगला होता. तो धड 'य' राहिला नव्हता, धड 'ध' झाला नव्हता. आणि कुणी मागून येऊन कानाशी बोलावं तसा तो शब्द तिच्या डोक्यात बोलला गेला. गोयंदा. गोंधळी नव्हे. लिहिणाऱ्याने घाईत अनुस्वार दिला नव्हता, शेवटच्या अक्षरावर शाई पसरली होती, एवढंच. ती उठली आणि तशीच रस्त्यावर आली. "बाई, डबा!" म्हणून गिरणीवाला मागून ओरडला तेव्हा तिला कळलं की आपण रिकाम्या हाताने निघालो आहोत.

डबा कडेवर घेऊन ती गांधी चौकातून घरी आली. पौषातलं ऊन होतं, सावलीला गेलं की अंगावर काटा येत होता. फारसी शब्दांची एक उजळणी मोडीच्या वर्गात झाली होती. मोकदम, मुजेरी, हरकारा. तिथेच कुठेतरी हा शब्द तिने तोंडातल्या तोंडात घोकला होता आणि त्याचा अर्थ विसरली होती. आता विसरली होती म्हणजे काय, तर त्या अर्थाकडे पाठ करून चालत होती. घरी आल्यावर पिठाचे हात न धुताच तिने जुना कोश काढला. गोयंदा : बातमी पोचवणारा, सरकारला फितून साथीदारांस धरून देणारा. कोशाच्या पानावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. कागदावर ओळ एवढीच होती : मलू वल्द खंडू, पेशा गोयंदा, जमीन बक्षीस. तिने ती ओळ पुन्हा पाहिली. आता ती वेगळ्या तऱ्हेने वाचताच येईना.

मलू म्हणजे मलूबा. तिच्या बापाच्या पणज्याचा बाप, का त्याच्याही आधीचा कुणी, ते कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. पण औंढ्यापलीकडच्या त्यांच्या गावात लहान लेकरालासुद्धा मलूबा माहीत होता. गोष्ट अशी सांगत : निजामाच्या काळात घोडेस्वारांची एक तुकडी डोंगराखाली उतरली आणि फुकटात मेंढरं कापू लागली. गावातल्या सात मेंढपाळांनी त्यांना अडवलं. त्या झटापटीत एक जमादार मेला. सातही जण डोंगरातल्या कपारीत लपले. त्यांना रोज भाकरी पोचवायचा तो मलू. स्वारांनी मलूला धरला, चावडीपुढच्या खांबाला बांधला, पाठीची सालटी निघेपर्यंत चाबकाने फोडला, पण त्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही. पुढे कसे का होईना ते सात जण सापडले आणि त्यांना फाशी दिली. जिथे फाशी दिली तिथे सात दगड आहेत, त्यांना सातभाऊ म्हणतात. दर पौषातल्या अमावास्येला सातभावांना शेंदूर लागतो, सात भाकरींचा निवद जातो, आणि तो निवद डोक्यावर घेऊन जायचा मान मलूबाच्या घराचा. दगड ज्या रानात आहेत ते रानही मलूबाच्या घराचंच. त्याला म्हणतात बक्षिसाचं वावर. तिचे वडील नामाजी, म्हणजे आबा, म्हणायचे की हे बक्षीस नागनाथाच्या देवस्थानाने मलूबाच्या सोसण्यापायी दिलं. 'बक्षिसाच्या वावरात कापूस वेचायला चल', 'बक्षिसाच्या वावरात कोल्हं आलंय', असं ती जन्मापासून ऐकत आणि बोलत आली होती. कुणाचं बक्षीस, कशाचं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. शब्द इतका वापरला गेला होता की त्याच्यातून काही ऐकूच येत नव्हतं.

आणि ती भाकरी खायची रीत. निवद दाखवून झाला की सातभावांच्या सात घरची माणसं तिथेच दगडांपाशी बसून भाकरी-ठेचा खात. मलूबाच्या घरचं कुणी तिथे खात नसे. त्यांनी उभं राहून वाढायचं, पाणी द्यायचं, आणि उपाशी घरी यायचं. आबा म्हणायचे, आपण वाढणारे, आपला मान मोठा. आठ-नऊ वर्षांची असताना तिला फार भूक लागली होती आणि तिने एका म्हातारीच्या पानातला तुकडा उचलला होता. म्हातारी रागावली नाही. तिने फक्त तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला, हळूच, लेकराच्या हातातला विळा काढून घ्यावा तसा. आज खुर्चीत बसल्या बसल्या सुकन्याला त्या म्हातारीची बोटं आठवली. तो मान नव्हता. कुणीतरी, कधीतरी, या घराला शिक्षा लावून दिली होती, आणि ती लावणारे मेले, भोगणारे मेले, शिक्षा तेवढी मान होऊन राहिली होती. की हेही आपणच आता रचत आहोत? एक अक्षर फिरलं की सगळंच फिरतं. मलू रोजच्यासारखा भाकरी घेऊन निघाला असेल. कपारीतल्या लोकांनी पावलं ओळखली असतील. मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापा फडक्यात बांधल्या असतील. आणि त्या दिवशीच्या भाकरी थापल्या कुणी? मलूच्या बायकोने. तिला ठाऊक होतं का? ठाऊक असून तिने सातच थापल्या असतील का?

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी तिला आधी आठवलं ते स्वतःचं आयुष्य, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा ते एकदम अंगावर आलं. तिचा नवरा देविदास पाटबंधारे खात्यात होता. दिसायला शांत, देवळात जाणारा, शेजाऱ्यांच्या मुलांना गोळ्या वाटणारा माणूस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा मारलं, वरणात मीठ जास्त झालं म्हणून नव्हे, काहीच कारण नव्हतं, आणि कारण नाही याचंच तिला सगळ्यात भय वाटलं. ती माहेरी आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. आईने तेल लावलं आणि आई रडली. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी तिला समोर बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. फार मायेचा माणूस होता. गावातला कुणीही आपलं गुपित त्यांच्यापाशी सांगून मोकळा व्हायचा; नामाजीच्या पोटात टाकलं की विहिरीत टाकलं असं लोक म्हणायचे. ते म्हणाले, "पोरी, आपल्या मलूबानं चाबूक खाल्ले, पर तोंडातून सबुद काढला न्हाई. आपलं घरच तसं हाय." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला हिंगोलीला नवऱ्याच्या घरी आणून सोडलं. आणि विचित्र गोष्ट अशी, की त्या वाक्याने तिला खरोखर बळ दिलं. ती वर्षानुवर्षं त्याच्या आधाराने जगली. पट्टा उठला की ती डोळे मिटायची आणि तिला चावडीपुढचा खांब दिसायचा. आपण एकट्या नाही, आपल्या आधी कुणीतरी इथे उभं होतं, त्यानेही दात आवळले होते, असं तिला वाटायचं. शाळेत सहशिक्षिका विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, न्हाणीत पाय घसरला. तिला त्याचा अभिमानसुद्धा होता. देविदास हृदयविकाराने गेला तेव्हा सगळे म्हणाले, सोन्यासारखा संसार होता. तिने तेही ऐकून घेतलं.

आता तो खांबच नव्हता. तिथे कुणी बांधलेलं नव्हतं. ती इतकी वर्षं एका रिकाम्या जागेकडे बघून दात आवळत होती. तिला हसू आलं, आणि ते हसू बाहेर पडलं तेव्हा त्याचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली.

फोटो पाठवला होता तिच्या धाकट्या भावाने, दत्ताप्रसादने म्हणजे दत्ताने. गावात सातभावांच्या स्मारकाला मंजुरी मिळाली होती. दत्ताचं म्हणणं, सातांबरोबर मलूबाचंही आठवं नाव दगडावर यावं. काहीजण म्हणाले, मलूबा खरंच होता याचा कागद कुठे आहे? दत्ताने खटपटी करून जुन्या दप्तरातल्या पानाचा फोटो मिळवला. तिथल्या कुणीतरी पेशा गोंधळी असा वाचून दिला, त्यावर दत्ता वैतागला होता, आपण मेंढरं वळणारी माणसं, गोंधळी कुठून आले? अक्काला मोडी येते, अक्का बराबर वाचेल. मोडी ती नवरा गेल्यावर शिकली होती. का शिकली, तर घरात आजवर कुणी बोललं नाही, कुणी वाचलं नाही असं काहीतरी आपल्याजवळ असावं, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

दत्ता रविवारी आला. येताना हरभऱ्याचे डहाळे आणि घरच्या दुधाची बाटली घेऊन आला. नेहमीसारखा पाया पडला. तिचा या भावावर जीव होता. देविदासच्या तेराव्यानंतर घरात एकटीला झोप लागेना म्हणून तो महिनाभर तिच्या बाहेरच्या खोलीत येऊन राहिला होता, सकाळी उठून तिला चहा करून देत होता. तिने कागदावर सुवाच्य अक्षरात ती ओळ लिहून ठेवली होती, ती त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचली, गोयंदा म्हणजे काय विचारलं, आणि तिने सांगितलं. तो बराच वेळ डहाळ्याचे घाटे सोलत राहिला. मग एकेक करून म्हणू लागला, की हा मलू दुसराच कुणी असेल. आपलाच असला तरी त्याच्यावर जबरदस्ती झाली असेल. लिहिणाऱ्याने दुस्वासाने लिहिलं असेल. आणि दगड तर आखाडा बाळापूरच्या कारागिराकडे गेलासुद्धा, आठही नावं देऊन झाली. त्याचा आवाज चढला नाही. तो तिला समजावत होता, आजाऱ्याला समजवावं तसं.

"तुला वाच म्हणलं व्हतं अक्का," तो म्हणाला, "फैसला दे म्हणलं न्हाई."

"मी वाचलंच आहे."

"मंग आता इसरून जा. ह्या एका गोष्टीवर आपलं घर उभं हाय. मोहिनीचंच घे. कवा तोंड चालवाया लागली की मी तिला मलूबाचंच सांगतो. बराबर गप होती."

तो सहज बोलला होता. बोलून त्याने पुढचा घाटा सोलला, हिरवे दाणे तिच्या ताटलीत टाकले. सुकन्या त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मोहिनी त्याची बायको. सातभावांतल्या थोरल्याच्या घरची, तिथल्या म्हाताऱ्या कौशल्याबाईची नात, गावातलीच मुलगी. मलूबाच्या घरात जाते म्हणून त्या घराने आनंदाने दिलेली. "तोंड चालवती म्हणजे काय करती?" सुकन्याने विचारलं. तो म्हणाला, बायामाणसाचं काय, आणि उठून हात धुवायला गेला. नळाच्या आवाजात तिला ती ओसरी पुन्हा दिसली. आबा खाटेवर, ती जमिनीवर. आणि दाराला टेकून, हातात पाण्याची बादली घेऊन, मिसरूड फुटू लागलेला दत्ता. तो तिथे होता. हे तिला आजवर आठवलंच नव्हतं. आबांचं ते वाक्य तिला सांगितलं गेलं होतं, पण ते शिकला तो होता.

दोन दिवसांनी ती शाळेत रजा टाकून गावी गेली. औंढ्यापर्यंत बसने, पुढे काळीपिवळीने. तुरीची कापणी चालली होती, रस्त्याच्या कडेला पेंढ्यांचे ढीग होते. दत्ता घरी नसणार हे तिला माहीत होतं. मोहिनी चुलीपुढे होती. नणंदेला अचानक बघून ती हसली, पदर सारखा करत पाया पडायला वाकली, तेव्हा तिच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि मनगटावर जुना पिवळा आणि नवा जांभळा असे दोन डाग दिसले. सुकन्याने तिचा हात धरला. मोहिनी म्हणाली, कवाडाची कडी लागली. तिने ते इतक्या सहज म्हटलं की सुकन्याला आपलाच आवाज ऐकल्यासारखं झालं. तिने हात सोडला आणि काही न बोलता मागच्या दाराने बाहेर पडली.

कौशल्याबाईंचा मेंढवाडा गावाच्या टोकाला होता. म्हातारी एका आईवेगळ्या कोकराला बाटलीने दूध पाजत बसली होती. जवळ बसायला तिने पोत्याची घडी टाकून दिली. सुकन्याने मोहिनीच्या हाताचं विचारलं. म्हातारी म्हणाली, पाह्यलंय. मग काय केलं, असं विचारल्यावर तिने कोकराचं तोंड पुसलं आणि म्हणाली की काय करावं, लेक दिली ती दिली, घर नावाजलेलं आहे. तेव्हा सुकन्याने तिला कागदातली ओळ सांगितली. शब्द सांगितला, अर्थ सांगितला, बक्षिसाचं वावर कशाचं बक्षीस ते सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की काहीतरी कोसळेल. म्हातारीने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नवलही आलं नाही. मेंढरं एकमेकांना घासत होती, त्यांच्या ओल्या लोकरीचा उग्र वास येत होता.

"ज्यायला फाशी झाली ते गेले, ज्यानं सांगितलं तोबी गेला," ती म्हणाली. "तू आता मला काहून सांगून राहिलीस?"

कुणी विचारलं नसताना सुकन्याने त्या म्हातारीला देविदासबद्दल सांगितलं. आईलासुद्धा तिने इतकं सांगितलं नव्हतं. पट्टा, न्हाणीचं निमित्त, मिटलेले डोळे, डोळ्यांसमोरचा तो खांब. म्हातारी कोकराच्या पाठीवरून हात फिरवत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ठावं व्हतं पोरी. समद्या गावाला ठावं व्हतं. तू अमुशाला यायचीस, आखडून चालायचीस. बाया बाया बोलायच्या."

"मग?"

"मंग काय. नामाजीची पोरगी, सोसंल, म्हणायच्या."

सुकन्या उठून परत निघाली. तिला आजवर वाटत आलं होतं की आपण काहीतरी लपवलं. तिने काहीच लपवलं नव्हतं. सगळे बघत होते आणि ती एकटीच डोळे मिटून उभी होती. घरी मोहिनी तिची वाट बघत होती, तिने चहा ठेवला होता. सुकन्या चुलीपाशी पाटावर बसली आणि तिने तिलाही ती ओळ सांगितली. मोहिनी विस्तवाकडे बघत ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"म्हंजी त्यानं मार खाल्लाच न्हाई?"

"कागदात मार नाही," सुकन्या म्हणाली. "बक्षीस आहे."

मोहिनीने लाकूड पुढे सारलं. चहा उतू गेला, निखाऱ्यांवर चर्र वाजला. तिने भांडं उतरवलं, दोन कपांत उरलेला चहा ओतला, आणि आपला कप हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच बसली, प्यायली नाही. सुकन्याने तिला हिंगोलीला आपल्या घरी चल म्हटलं. ती म्हणाली, अमावास्या होऊ द्या, भाकरी कोण थापल?

अमावास्येला सुकन्या गेली. न जाण्याचं धैर्य तिला झालं नाही, असंच म्हणायला हवं. सातभावांपाशी मांडव पडला होता, भोंगा लावला होता, गुळगुळीत काळा दगड फुलांनी झाकला होता. पडदा निघाला, आठ नावं दिसली, टाळ्या झाल्या. दत्ता चांगला बोलला. त्याला बोलता येत होतं. मलूबाच्या पाठीवरच्या चाबकांबद्दल सांगताना तो थांबला, त्याने डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सुकन्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. मोडी वाचणाऱ्या आमच्या अक्कामुळे हा पुरावा मिळाला, असं तो म्हणाला तेव्हा लोकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं, कुणी हात जोडले. तिनेही हात जोडले. पलीकडे कौशल्याबाई बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुकन्याला वाटलं, आता बोलावं. एक वाक्य, फार तर दोन. पण कुणासाठी बोलायचं? मेलेल्यांना त्याचं काय, आणि जिवंत माणसं टाळ्या वाजवत होती. भाकरी वाढल्या गेल्या. मोहिनीने त्या डाव्या हाताने वाढल्या, उजवं मनगट पदराखाली झाकलेलं होतं.

संध्याकाळच्या बसने ती हिंगोलीला परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सातवीच्या वर्गावर असताना फोन आला. कौशल्याबाईंच्या शेजारचा कुणी बोलत होता. मोहिनीला सरकारी दवाखान्यात आणलंय, या.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात फिनेलचा वास होता. मोहिनी खाटेवर होती, उजव्या हाताला कोपरापासून खाली कच्चं प्लास्टर, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. कौशल्याबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. काय झालं ते म्हातारीनेच सांगितलं, खाली मान घालून, तुकड्या-तुकड्याने. पाहुणे गेल्यावर कशावरून तरी बोलाचाली झाली. दत्ता म्हणाला, आज तरी गप बस, आज मलूबाचा दिवस आहे. आणि मोहिनी म्हणाली, मलूबा बोलला होता. तुमच्या मलूबानं तोंड उघडलं होतं, अन् तुमी मला गप बस म्हणता. त्याने दाराचा लाकडी अडणा उचलला.

सुकन्या भिंतीला टेकली. ते शब्द तिने दिले होते. चुलीपाशी बसून तिने ते मोहिनीच्या हाती दिले होते आणि स्वतः मांडवात हात जोडून उभी राहिली होती. मलू घरी परतला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? आपलं बराबर आहे असंच वाटलं असेल का? बोलण्याने माणसं मरतात, न बोलण्यानेही मरतात, मग कुठे बोलायचं हे माणसाला कळतं कसं? तिने खाटेचा गज धरला. मोहिनीने चांगला डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. ती फक्त बघत होती, हे माणूस आता काय करतं ते.

महिला हवालदार जबाब घ्यायला आल्या. मध्यम वयाच्या, दमलेल्या, काखेत फाईल. त्यांनी मोहिनीला विचारलं, बाई, कसं लागलं? पाय घसरला का? कौशल्याबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग मोहिनी म्हणाली, "मारलं." कुणी ते विचारल्यावर तिला पुढे बोलता येईना, फाटलेल्या ओठातून रक्त येऊ लागलं. हवालदारबाईंनी खोलीत पाहिलं आणि म्हातारीला विचारलं. म्हातारीने जमिनीवरून नजर उचलली नाही. तेव्हा त्या सुकन्याकडे वळल्या.

"तुम्ही कोण यांच्या?"

"नणंद."

बाईंनी मान वर करून तिला नीट पाहिलं. "नणंद? मग तुम्ही काय सांगणार?"

दारात दत्ता उभा होता. हातात शहाळं होतं, त्यात नळी खोचलेली. रात्रभर झोपला नसावा. डोळे लाल झाले होते, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात होतं. लहानपणी ताप आला की तो असाच दारात येऊन उभा राहायचा, पाणी मागायला. तो म्हणाला, "अक्का." दुसरं काही म्हणाला नाही. त्या एका हाकेत सगळं होतं, तेराव्यानंतरचा महिना, सकाळचा चहा, आबा, ओसरी, घर. तो यानंतर तिच्याशी कधी बोलणार नव्हता, गावात तिचं नाव घरभेदी म्हणून घेतलं जाणार होतं, आईच्या वर्षश्राद्धाला तिच्यासाठी दार उघडणार नव्हतं. हे सगळं तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. मोहिनी सुटेल की नाही, ते मात्र दिसलं नाही.

"नाव सांगा," हवालदारबाई म्हणाल्या.

तिने नाव सांगितलं.

"वय?"

तिने वय सांगितलं.

"व्यवसाय?"

सुकन्याला कागदातली ती ओळ दिसली : पेशा गोयंदा. बाईंनी पेन थांबवून वर पाहिलं.

"शिक्षिका," ती म्हणाली. "लिहा. मारणारा माझा सख्खा भाऊ आहे. हा दारात उभा आहे तो. काल मारलं तेव्हा मी तिथे नव्हते, पण हातावरचे आधीचे डाग मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि हिला गप कसं करतो ते त्यानं स्वतः मला सांगितलंय."

दत्ताने शहाळं बाकावर ठेवलं. त्याच्या चपलांचा आवाज वऱ्हांड्यातून जिन्यापर्यंत गेला. सुकन्याने तिकडे पाहिलं नाही. हवालदारबाई लिहीत होत्या, त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश होतं, आणि ती एकेक वाक्य संपलं की थांबत होती, त्यांचं लिहून होईपर्यंत, आणि मग पुढचं सांगत होती.